फुकटाचं पटांगण

आमच्या आरमोरीत पहाटे पळणारी माणसं दोन प्रकारची. एक, पोलीस भरतीची पोरं-पोरी. त्यांना नोकरी हवी असते. ती लागली किंवा वय उलटलं की त्यांचं पळणं संपतं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरी म्हणजे शिकलेली मंडळी. डॉक्टर, प्राध्यापक, वकील, दोन इंजिनिअर. त्यांनी पळण्याचा एक ग्रुप काढला, त्याला इंग्रजी नाव दिलं, नारिंगी टी-शर्ट करून घेतले आणि रविवारी नर्सरीच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचं, मग चौकात पोहे खायचे असा कार्यक्रम ठरवला. पळण्यापेक्षा पोह्यांना वेळ जास्त लागायचा. फोटो मात्र पळतानाचे.

मी धानाचा व्यापारी. ह्या मंडळींनी ग्रुप काढला त्याच्या कितीतरी आधीपासून मी त्याच रस्त्यावर रोज पळत होतो. मी परत येत असायचो तेव्हा हे गाड्या लावून हातपाय ताणत असायचे. मान हलवायचे, मीही हलवायचो. एक दिवस चौघं दुकानात आले. मला वाटलं, ग्रुपमध्ये घ्यायला आले. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, टी-शर्टचा खर्च तेवढा तुमच्याकडे लागला. तुमच्या दुकानाचं नाव टाकतो पाठीवर."

मी विचारलं, "आन मी?"

"तुमी काय?"

"मी कुठी पळू? नावाच्या मांगं?"

ते हसले. त्यांना खरोखर विनोद वाटला. मी पळतो हे त्यांनी दर रविवारी पाहिलं होतं, पण धान विकणारा माणूस पळतो म्हणजे कशाच्या तरी मागे पळत असणार, व्यायामासाठी नव्हे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं असावं. मी टी-शर्टचे पैसे दिले नाहीत. चहाही दिला नाही. पुढे त्यांच्यातल्या प्राध्यापकाने कॉलेजात शिस्तीवर भाषण दिलं, सवय कशी लावावी ह्यावर. पावसाळ्याचे चार महिने तो घराबाहेर पडला नव्हता.

माझं पळणं हौसेचं नाही. मला साखर आहे. माझ्या मोठ्या भावालाही होती. त्याच्या पायाला धानाच्या बांधावर काडी लागली. ती जखम भरेना. आधी बोट गेलं, मग नागपूरला नेऊन गुडघ्याखालून पाय काढला. तो आता पडवीत खाट टाकून बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्यांच्या चपला बघतो. कोणाची टाच कुठे झिजली हे तो सांगू शकतो. मी त्याच्याकडे जातो तेव्हा तो माझ्याही पायांकडेच बघतो, तोंडाकडे नाही. ज्या दिवशी माझ्या रिपोर्टमध्ये साखर निघाली त्याच्या दुसऱ्या पहाटे मी पळायला लागलो. कोणाचं भाषण ऐकून नाही.

वेळेचं म्हणाल तर धानाच्या धंद्यात दिवस आपला नसतो. हंगामात उजाडायच्या आत ट्रॅक्टर दारात उभे राहतात. त्या वेळी दुकानात जो नसतो त्याचा माल दुसरा घेऊन जातो. धान संपलं की लग्नसराई, मग मोहफुलाची खरेदी, त्यासाठी पार गोंडपिपरीपासून भामरागडपर्यंत फिरायचं. संध्याकाळी हिशेब, भांडणं, फोन. लोक म्हणतात संध्याकाळी पळा. संध्याकाळी माझ्या अंगात फक्त राग शिल्लक असतो. तेव्हा पहाटेचा तो एक तुकडा, उजाडण्याआधीचा, तेवढाच माझा. तो गेला तर पळणं गेलं.

बाहेरगावीही मी सोडलं नाही. एकदा मोहफुलासाठी हेमलकशाला मुक्कामी होतो. पहाटे उठलो, अर्धी चड्डी घातली आणि रस्त्याने पळायला लागलो. थोडं पुढे गेलो तर झाडीतून गस्तीवरचे जवान बाहेर आले. त्या भागात पळणारा माणूस म्हणजे काहीतरी करून पळणारा, एवढाच अर्थ.

"थांब. कुठी पळून राह्यला?"

"कुठीच नाई."

"मंग काऊन पळून राह्यला?"

"साखर हाये."

त्यातला एक म्हणाला, "कायची साखर? कुठी हाये?" त्याने माझे खिसे चाचपले. दुसरा जरा वयाने मोठा होता. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "माया बापालेबी हाये. पण तो बसून रायते." मग त्यांनी मला मुक्कामापर्यंत सोडलं. म्हणजे मी पळत होतो आणि ते बंदुका घेऊन मागे येत होते. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा चांगला पळालो.

असं सगळं चालू होतं आणि मग आमच्या रस्त्यावर जनावर आलं.

आमच्याकडे पहाटे त्याचं नाव घेत नाहीत, म्हणून जनावर. आधी नर्सरीजवळ एक गोऱ्हा गेला. मग शेजारच्या गावचा एक माणूस धानाच्या बांधीत पाणी बघायला गेला तो परत आला नाही. गाव दोन दिवस रस्ता अडवून बसलं. वनखात्याने नर्सरीच्या रस्त्याला आडवा बांबू लावला आणि पाटी ठोकली. उजाडेपर्यंत कोणी पायी जायचं नाही. तिथे एक वनरक्षक बसवला.

नारिंगी टी-शर्ट त्याच दिवशी कपाटात गेले. ते जाणारच होते, त्यांना कारण हवं होतं. मी बांबूपाशी गेलो. वनरक्षक ओळखीचा होता, धान घालायला माझ्याकडेच यायचा.

मी म्हणालो, "तू गाडी घेऊन मायामांगं ये. मी समोर पळतो."

"भाऊ, तुमी चालत असते तं मी एखांद्या वेळेस पाहिलं असतं. पळते ते त्याले शिकार वाटते."

"मंग चालतो."

"तुमाले चालता येते का? दोन पावलं चालता का पळता. मी रोज पाहून राह्यलो तुमाले."

मी बराच वेळ त्याच्याशी घासाघीस केली. सरकारी माणसाशी घासाघीस करता येते, पण त्याच्या मागे वाघ असेल तर येत नाही. परत आलो.

मग मी दुसऱ्या जागा शोधल्या. गोदामात पोत्यांच्या, म्हणजे आमच्या कट्ट्यांच्या, थप्प्यांमधून पळून पाहिलं. धुळीने खोकला लागला आणि वळताना खांदा कट्ट्यांवर आदळायचा. घराच्या गच्चीवर पळालो तर खालून बायको ओरडली, "अवो, पंखा हालून राह्यला. पोराच्या डोक्शात पाडता का?" बसस्टँडच्या रस्त्यावर कुत्री. शाळेच्या मैदानाला कुलूप. डॉक्टरांकडे पळायचं मशीन आहे असं कळलं. त्यांना ते विकायचं होतं. बघायला गेलो तर त्यावर साड्या वाळत होत्या. डॉक्टर म्हणाले, फार वापरलेलं नाही. ते दिसतच होतं. आमच्याकडे वीज पहाटेच जाते, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, कारण त्या वेळी ते झोपलेले असतात.

दोन महिने असे गेले. कधी पळणं झालं, कधी नाही. नाहीच जास्त. पायांत मुंग्या यायला लागल्या. रिपोर्ट काढला तो वाईट आला. भावाकडे गेलो तर तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "सुजले." एवढंच म्हणाला.

आता आरमोरीत एकच जागा उरली होती. उंच भिंतीच्या आत, सिमेंटची, सपाट, मोठी, पहाटे रिकामी. राईस मिलचं धान वाळवायचं पटांगण. आणि त्या मिलच्या गेटात पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवून पुष्कळ वर्षं झाली होती.

मी त्या मिलमध्ये हमाल होतो. ह्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या बाजाराला माहीत आहे. तिथेच मी धान हातात घेऊन ओल ओळखायला शिकलो, तिथेच काटा कुठे मारतात ते पाहिलं. मग बाहेर पडून छोटं दुकान टाकलं, मोठं केलं. मिलच्या मालकाने मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली तेव्हा मी चांगला शर्ट घालून गेलो. व्यापारी म्हणून गेलो. तिथे गोंदियाचा एक मोठा खरेदीदार बसला होता, ज्याच्याशी ओळख व्हावी म्हणून मी वर्षभर धडपडत होतो. मालकाने मला हाताला धरून त्याच्यापुढे उभं केलं आणि म्हणाला, "हा माया हमाल होता. दोन कट्टे पाठीवर घेऊन पळत जाये. बैल बरा का हा बरा." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. बाजारात बैल विकताना मारतात तशी, खांद्याच्या मागे, मांस किती आहे ते दाखवणारी. गोंदियावाला हसला. मी न जेवता निघून आलो. त्या खरेदीदाराने पुढे कधी माझा फोन घेतला नाही.

तेव्हापासून मी त्या माणसाशी एक शब्द बोललो नाही. व्यवहार मात्र चालू राहिला. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या बाजारात त्याची सोय आहे. मधे दलाल असतो. दोघं एकाच बाकावर बसायचं, दोघांच्या मधे दलाल, आणि जे काही बोलायचं ते दलालाशी. "त्यायले सांग, ओल जास्त हाये." "त्याले सांग, ओल नाई, त्याचे डोळे ओले हाये." दलाल ते पुन्हा सांगतसुद्धा नाही, नुसता पान चघळतो, कारण दोघांनाही ऐकू आलेलं असतं. असे बाप-लेक मी पाहिलेत, सख्खे भाऊ पाहिलेत. भांडण जागच्या जागी राहतं आणि धान पुढे जातं.

मी घरी काही बोललो नव्हतो, पण बायकोने ओळखलं. म्हणाली, "मिलवाल्याले विचारा ना."

"मी? त्याले?"

"तुमचा पाय मोठा का तुमची अकड मोठी?"

"ते दोनी मायेच हायेत."

"मंग एक काढून ठेवाच लागन," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

आठ-पंधरा दिवस मी त्याची तयारी केली. धंद्यात जो आधी तोंड उघडतो तो अर्धा हरलेला असतो, हे मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. तो काय मागेल ह्याचा मी विचार केला. मी त्याच्या जागी असतो तर आधी आठवडाभर ताटकळत ठेवलं असतं, मग पुढच्या हंगामाचा माल आपल्यालाच द्यायची अट घातली असती, मग माफी मागायला लावली असती. ह्या प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून गेलो.

दुपारची वेळ. बाकावर तो, दलाल आणि मी. बाजूला दोन अडते उभे. मी दलालाला म्हणालो, "त्यायले विचार, पाह्यटे पटांगण रिकामं रायते का."

तो म्हणाला, "त्याले सांग, रायते. कायले पाह्यजे?"

"पळाले."

दलालाचं पान चघळणं थांबलं. मालकाचं पोट आधी हललं, मग तो हसला. अडतेही हसले. आणि तो म्हणाला, "त्याले सांग, पळ म्हना. पटांगण घे म्हना, आख्खी मिल घे म्हना. काय लागते त्याले."

झालं. एवढंच. मी पंधरा दिवस जे घासून ठेवलं होतं त्यातलं काही लागलं नाही. कोंबड्यांपुढे मूठभर कण्या टाकाव्यात तसं त्याने ते टाकलं. माझ्या लक्षात आलं की त्याला लग्नातलं काही आठवतच नाही. इतकी वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही, ते त्याला बाजारातली रीत वाटत होती.

माझं डोकं फिरलं. फुकट घेऊन मी रोज पहाटे त्याच्या उपकारावर पळणार होतो काय? मी म्हणालो, "भाडं विचार."

"त्याले सांग, पळाचं भाडं कोण घेते बे."

"पटांगणाले भेग पडली हाये. ते मी बुजवून देतो म्हना."

"भेग मायी हाये. राहू दे म्हना."

"बल्ब लावून देतो."

"मले अंधारात दिसते."

"मंग काय घेतीन ते विचार."

"काईच नाई."

आयुष्यभर मी भाव पाडत आलो. इथे मी चढवत होतो आणि समोरचा पाडत होता. ज्याला काहीच नको असतं त्याच्याइतकं कठीण गिऱ्हाईक नाही. दलाल मधेच म्हणाला, "अन ह्याच्यात मायी दलाली कायची? एक चक्कर का?" अडत्यांना मजा येत होती. मी उठून जाणारच होतो. तेवढ्यात मला सुचलं.

"त्यायले विचार, गेट कोण उघडन? चौकीदार तं सात वाजता येते."

त्याचा हात कमरेकडे गेला. सगळ्या बाजाराला माहीत आहे की मिलच्या गेटची किल्ली तो कोणाला देत नाही. मुलांना दिली नाही, मुलं नागपूरला निघून गेली. मिलच्या आवारातल्या दोन खोल्यांत तो एकटा राहतो आणि किल्ली करदोड्याला बांधून झोपतो.

दलाल म्हणाला, "किल्ली देऊन टाका ना त्यायले."

"किल्ली कोणाले भेटत नाई."

"मलेबी नोको," मी म्हणालो. "उद्या म्हनतीन चार कट्टे कमी झाले. त्यायले सांग, त्यायनंच उठावं अन उघडावं."

आता अडते त्याच्याकडे बघायला लागले. आमच्या बाजारात दलालासमोर दिलेला शब्द फिरवत नाहीत. माल न बघता त्याने होकार दिला होता, इतका जुना व्यापारी असून. माझ्याऐवजी दुसरं कोणी असतं तर त्याने आधी विचारलं असतं, किती वाजता, किती दिवस, कशासाठी. पण मला काही द्यायचं म्हणजे विचार करायची गरज काय, असं त्याला वाटलं. तिथे तो सापडला.

"उघडतो," तो म्हणाला. दलालाला नाही, रस्त्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी मी अंधारात जाऊन गेटची कडी वाजवली. पुष्कळ वेळ वाजवली. शेवटी टॉर्चचा उजेड हलत आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बंडी उलटी, पायांत वेगवेगळ्या चपला. शिव्या देत होता, पण कोणाला ते सांगत नव्हता. गेट उघडलं. मी एक शब्द न बोलता आत गेलो आणि पळायला लागलो.

गोल गोल पळणं फार कंटाळवाणं असतं. रस्त्यावर निदान झाडं बदलतात. इथे धानाचे झाकलेले ढीग, कोंड्याचा डोंगर, बॉयलरची चिमणी, भिंत, आणि पुन्हा धानाचे ढीग. उकडलेल्या धानाचा तो आंबूस वास नाकात बसतो. चार-दोन फेऱ्यांतच मला मळणीचा बैल आठवला. मी तिथेच थुंकलो आणि पुढे गेलो. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसली आणि ती फार आवडली. मी आत असेपर्यंत तो झोपायला जाऊ शकत नव्हता. परका माणूस आवारात आणि हा खोलीत, हे त्याच्या जीवाला सोसणारं नव्हतं. तो घडीची खुर्ची टाकून गेटजवळ बसला, गुडघे पोटाशी घेऊन, जांभया देत. ते पाहून मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त पळालो.

मग ते रोजचं झालं. मी दोन मिनिटं जरी उशिरा पोहोचलो तरी तो दुपारी बाकावर म्हणायचा, "त्याले विचार, आज झोप लागली होती का." मी म्हणायचो, "त्यायले सांग, कडी वाजवून वाजवून माया हात दुखून राह्यला." बाजारात ह्याची चर्चा व्हायला लागली. आज कोण हरला ते अडते विचारत. त्यामुळे चुकवायची सोयच राहिली नाही.

पूर्वी रस्त्यावर पळायचो तेव्हा मी कधी कधी चुकवत असे. वडशाला रात्रभर नाटक पाहून सकाळी परतलो, अंगात कणकण आहे, ट्रक भरायचाय, अशी कारणं माझ्याकडेही होती आणि ती मी वापरत होतो. आता वापरता येईनात. साळ्याच्या लग्नात वरात निघाली आणि मी मांडवातून उठून मिलवर गेलो. बायको म्हणाली, "लोकं काय म्हनतीन?" मी म्हणालो, "तो काय म्हनन ते पाह्य." ताप असताना गेलो, पळालो नाही, नुसता चाललो, पण त्याला उठवलं. धान खरेदीच्या ऐन गर्दीत, दारात ट्रॅक्टर उभे असताना, आधी मिलवर जाऊन आलो. शिस्तीवर भाषण देणाऱ्या त्या प्राध्यापकाला कोणीतरी सांगायला हवं होतं की इच्छाशक्ती वगैरे काही नसतं. आपण गेलो नाही तर ज्याला आनंद होईल असा एक माणूस लागतो. तो माणूस चांगलाच वाईट असेल तर सवय मोडत नाही.

ह्यातून आमचं काही जुळलं असं कोणी समजू नये. पळताना मी त्याच्याजवळून जायचो तेव्हा तो हवेत बोलायचा. "टाचा घासून राह्यला. कट्टे होते तवा बरा पळे." मी पुढच्या फेरीला हवेतच उत्तर द्यायचो, "तवा मालक बरा दिसे. आता म्हातारं झालं." दलाल नव्हता, पण दलाल बसलाय अशाच सुरात. एकदा तो म्हणाला, "बैल लवकर मरते, हमाल मरत नाई." मी थांबलो आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर वळवली नाही. त्या क्षणी मी त्याला खुर्चीसकट उचलून कोंड्यात टाकला असता. नाही टाकला. टाकला असता तर दुसऱ्या दिवशी गेट कोणी उघडलं असतं?

रिपोर्ट सुधारला. पायांतल्या मुंग्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, "पाहा, गोळी बदलल्याचा फायदा झाला." भावाकडे गेलो, त्याने पाय पाहिले, काही म्हणाला नाही. तो काही म्हणाला नाही म्हणजे बरं आहे.

मग एक दिवस वनखात्याने जनावर पकडलं. बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं आणि नेलं. सगळं गाव बघायला गेलं होतं. नर्सरीच्या रस्त्यावरचा बांबू काढला, पाटी काढली. रविवारी नारिंगी टी-शर्ट बाहेर आले.

सोमवारी पहाटे मी घरून निघालो. डाव्या हाताला नर्सरीचा रस्ता, मोकळा, झाडांचा, ज्यावर मी कितीतरी वर्षं पळालो होतो. उजव्या हाताला मिल. नाक्यावर डॉक्टर गाडी लावत होते. एकटेच होते, बाकीच्यांचं पळणं रविवारी झालं होतं. त्यांना एकट्याने जायची भीती वाटत होती हे दिसत होतं.

"चला भाऊ," ते म्हणाले. "झाला मोकळा. तुमी समोर व्हा."

"काऊन? मले आधी खाईन म्हनून?"

त्यांनी हसून दाखवलं. मी उजवीकडे वळलो.

कडी वाजवली. तो नेहमीपेक्षा उशिरा आला. गेट अर्धवट उघडलं आणि मधेच उभा राहिला, मला आत जाता येऊ नये असा. थेट माझ्याकडे बघून तो बोलला.

"रस्ता सुरू झाला म्हनते."

"म्हनते."

"मंग इथी काऊन?"

इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा समोरासमोर बोलत होतो आणि मी उत्तर तयार करून आलो नव्हतो. जे होतं ते दिलं.

"रस्त्यावर मायासाठी पाह्यटे कोणी उठत नाई."

त्याला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने आईवरून एक शिवी दिली, ह्या वेळी कोणाला ते स्पष्ट होतं. मग तो बाजूला झाला.

"उद्यापासून उठत नाई मी," तो म्हणाला. "वाजव किती वाजवाचं ते."

"पाहू," मी म्हणालो आणि पळायला लागलो. पहिली फेरी पूर्ण करून आलो तेव्हा त्याने खुर्ची उघडून गेटजवळ टाकली होती.